एका मिनिटाच्या पन्नास लढती: जपानी महिला कुस्तीतली निन-गाके नेमकी चालते कशी

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी कुस्तीगीर मानामी तोयोताच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची चित्रफीत पाहिली. ती रिंगमध्ये उभी, समोर एकामागून एक गडी येतात, मिनिटभर झटापट होते, घंटा वाजते, पुढचा गडी आत. जवळजवळ सगळ्या लढती बरोबरीत. याला गॉन्टलेट म्हणायचं का? म्हणायचं तर जिंकलं कोण? आणि एवढ्या जणांना अंगावर घेऊन माणूस शेवटी उभा कसा राहतो?

आधी नावांचा घोळ मिटवू. या कुस्तीला तिकडे ‘जोशी पुरोरेसू’ म्हणतात. जोशीबुवांचा इथे काही संबंध नाही. जपानीत ‘जोशी’ म्हणजे स्त्रिया, आणि ‘पुरोरेसू’ हे प्रोफेशनल रेसलिंगचं जपानी जिभेवर आखूड झालेलं रूप. निकाल आधी ठरलेला असतो, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. आपल्याकडे नूरा कुस्ती ही शिवी आहे, कारण तिथे खरी म्हणून तिकीट विकून खोटी दाखवलेली असते. पुरोरेसूत ठरवाठरवी हाच धंद्याचा पाया आहे. कौशल्य असतं ते ठरलेलं पार पाडण्यात आणि त्यात कुणाची मान न मोडण्यात. मान न मोडण्याची बाजू या प्रकारात इतर कुठल्याही लढतीपेक्षा जड जाते, म्हणून पुढचा बराचसा मजकूर तिच्याभोवतीच फिरेल.

गॉन्टलेट हा शब्द सैल वापरला जातो. अमेरिकी गॉन्टलेटमध्ये दोघे लढतात, हरलेला बाहेर जातो, नवा येतो, शेवटी उरेल तो जिंकला. जपानमध्ये याला जवळचा प्रकार म्हणजे ‘काचिनुकी-सेन’: दोन संघ, जिंकणारा रिंगमध्येच थांबतो आणि समोरच्या संघाचा पुढचा गडी घेतो. ज्युदो आणि केंदोच्या सांघिक सामन्यांतून ही पद्धत इकडे आलेली. ठरावीक अंतराने नवा माणूस आत सोडायचा आणि सगळ्यांनी एकत्र लढायचं, ते ‘जिकान-सा बॅटल रॉयल’. तुम्ही पाहिलंत ते यातलं काहीच नव्हतं. ते होतं ‘निन-गाके’. निन म्हणजे माणसं, गाके म्हणजे अंगावर जाणं. पन्नास असतील तर ‘गोज्यूनिन-गाके’. मधला गडी हरो, जिंको, बरोबरीत सुटो, तो जागचा हलत नाही. बदलत राहतो तो समोरचा. क्योकुशिन कराटेतलं ‘ह्याकुनिन-कुमिते’, म्हणजे एका दमात शंभर जणांशी झुंज, याच कुळातलं. आपल्या तालमीत मोठा पैलवान पहाटे पाच-सहा पोरं एकामागून एक अंगावर घेतो, ते डोळ्यासमोर आणा. पोरांपैकी कुणी जिंकलं का, असं तिथे कुणी विचारत नाही. थोरल्याच्या अंगाला हात लागला, एवढ्यावर पोरगं खूश असतं.

आता तोयोताचा कार्यक्रम. ३ नोव्हेंबर २०१७, योकोहामाचा ओसानबाशी हॉल. हा हॉल मोठी प्रवासी जहाजं लागतात त्या धक्क्याच्या इमारतीत आहे, म्हणजे कुस्तीचा ठरलेला अड्डा नव्हे. तोयोताने ऑगस्ट १९८७ मध्ये ऑल जपान विमेन्समधून सुरुवात केली होती, म्हणजे तेव्हा तिला रिंगमध्ये तीस वर्षं पूर्ण झाली होती. त्या संस्थेत पंचविशीला निवृत्त व्हायचा रिवाज होता. बाई सेहेचाळीसाव्या वर्षापर्यंत टिकली, यातच काय ते आलं. मानेचं आणि खांद्याचं दुखणं मात्र जुनं होतं. कार्यक्रमाचा गाभा म्हणजे एकेका मिनिटाच्या पन्नासच्या आसपास लढती, आणि शेवटी आइस रिबन संस्थेची त्सुकासा फुजिमोतो. तिला तोयोताने स्वतः निवडलं होतं, आणि तिच्याकडून हरून तोयोता रिंगमधून उतरली. तेव्हा ‘जिंकलं कोण’ याचं उत्तर फुजिमोतो. पण त्याआधीच्या लढतींना तो प्रश्न लावलात तर हाती काही लागणार नाही.

कारण या प्रकारात प्रतिस्पर्धी घड्याळ असतं. बरोबरीला जपानीत ‘जिकान-गिरे हिकिवाके’ म्हणतात, वेळ संपल्याने अनिर्णित. जत्रेच्या फडात कुस्ती बरोबरीत सोडवली की पब्लिक पंचांच्या नावाने शंख करतं. इथे उलट आहे. बरोबरी झाली म्हणजे पाहुणीला तिचं मिनिट पुरेपूर मिळालं. लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजसमोर रांग लागते ना, प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, फोटो काढायचा आणि फोटोग्राफरने पुढचे म्हणून हाकारायचं, तशीच ही रांग आहे. नवऱ्यामुलीने एखाद्या पाहुण्याला अर्ध्यावर कटवलं तर तो रुसतो. तसंच इथे मधल्या गड्याने विसाव्या सेकंदाला पिन करून, म्हणजे खांदे जमिनीला टेकवून रेफ्री तीन मोजेपर्यंत धरून, जिंकायचं ठरवलं, तर समोरचीचे चाळीस सेकंद गेले. म्हणून मध्यावर एखाद-दुसराच झटपट निकाल ठेवतात, तोही विनोदासाठी किंवा प्रेक्षकांना ‘कधीही संपू शकतं’ याची आठवण द्यायला. असे निकाल पाचावर गेले की त्यांचा दणका बोथट होतो.

आकडेमोड केल्याशिवाय हा प्रकार कळत नाही. ५० लढती, प्रत्येकी ६० सेकंद: निव्वळ लढतीचीच ५० मिनिटं. मधे ४९ वेळा माणूस बदलतो. बदलाला २० सेकंद धरले तर १६ मिनिटं २० सेकंद, म्हणजे एकूण ६६ मिनिटांच्या वर. तोच बदल ३० सेकंदांवर गेला तर साडेचोवीस मिनिटं, आणि एकूण ७५ मिनिटांच्या घरात. प्रत्येक बदलातले केवळ दहा सेकंद सैल सुटले, तर आठ मिनिटं हवेत गेली. भाड्याच्या हॉलमध्ये ही आठ मिनिटं कुठून आणायची? शेवटच्या लढतीतून किंवा निवृत्तीच्या समारंभातून, म्हणजे ज्यासाठी लोक आले त्यातूनच. हॉल किती वाजता रिकामा करून द्यायचा ते ठरलेलं असतं, आणि त्यातच रिंग सुटी करून गाडीत भरायची असते.

म्हणून बदलाची शिस्त ही या लढतीची पहिली कसोटी. प्रत्येकीला स्वतंत्र प्रवेशगीत आणि रॅम्पवरून चालत येणं परवडत नाही. सगळ्या आधीच रिंगभोवती उभ्या राहतात, क्रमाने. पुढचे तीन गडी कायम पायरीपाशी हवेत. चौथा पाणी पीत असला तरी चालेल. जाणारी एका बाजूने दोरीखालून गडगडत बाहेर, येणारी समोरच्या बाजूने आत. दोघी एकाच बाजूला आल्या की धडक होते, मिठ्या होतात, वेळ जातो. रिंग अनाउन्सरने नाव पुकारायचं ते बदल चालू असतानाच, घंटेच्या आधी. नाव गाळणं हा अपमान, आणि नाव पुकारायला घंटा थांबवणं हा तोटा. खालची धावपळ सेकंड, म्हणजे रिंगबाहेरच्या मदतनीस, म्हणून बसलेल्या नवशिक्या मुली करतात. पाणी, टॉवेल, गार फवारा, दोरी खाली दाबून धरणं, हे सगळं जपानी महिला कुस्तीत नव्या मुलींच्या शिकण्याचाच भाग असतं. चित्रफितीत कॅमेरा त्यांच्याकडे फारसा वळत नाही, पण त्या कामात चुकल्या तर पुढचं सगळं कोसळतं.

आता एक मिनिट जवळून पाहू. घंटा वाजते. आपल्या कुस्तीत आधी खडाखडी होते, हाताला हात, मानेवर हात, अंदाज घेणं. इथे तिला जागाच नाही. पहिल्या तीन-चार सेकंदांतच काहीतरी आदळलं पाहिजे, आणि घंटेबरोबर धावत जाऊन मारलेली ड्रॉपकिक, म्हणजे उडी घेऊन दोन्ही पायांनी मारलेली लाथ, त्याला सगळ्यात सोयीची. त्यानंतर विसाव्या सेकंदापर्यंत एल्बोची, म्हणजे कोपराच्या फटक्यांची, देवाणघेवाण: तू एक, मी एक. दिसायला जोरकस, शरीराला त्या मानाने स्वस्त, आणि दोघींना श्वास घेता येतो. विसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतचा वेळ पाहुणीच्या ओळखीच्या एका डावाचा. दोन डाव कोंबायचा मोह सगळ्यांना होतो आणि दोन्ही फसतात. एकच निवडायचा, तोही ज्याची मांडणी पाच सेकंदांत होते असा. मध्यावर अनाउन्सर ओरडतो, ‘नोकोरी सान्ज्यू-ब्यो’, उरले तीस सेकंद. एरवीच्या जपानी लढतीत दर पाच मिनिटांनी किती वेळ झाला ते पुकारतात. इथे उरलेला वेळ पुकारला जातो, आणि तेवढ्यानेच प्रेक्षकांचा सूर चढतो.

शेवटची पंधरा सेकंदं पिनच्या प्रयत्नांची. तीन मोजायला तीन सेकंद लागतात, सुटून परत धरायला दोन. म्हणजे पंधरा सेकंदांत जास्तीत जास्त तीन ‘जवळजवळ’ बसतात. सत्तावन्नाव्या सेकंदानंतर धरलेला पिन घंटेतच अडकणार हे रेफ्रीला माहीत असतं. तरीही हात जमिनीवर पडलेच पाहिजेत, कारण दोन मोजले आणि घंटा वाजली यासारखी सुंदर बरोबरी नाही. पिनचे जे प्रकार इथे चालतात त्यांना ‘मारुमेकोमी’ म्हणतात, गुंडाळून घेणं. समोरचीचे पाय किंवा हात पकडून तिला चेंडूसारखं वळवायचं आणि खांदे टेकवायचे. कुणाला उचलावं लागत नाही, मानेवर भार येत नाही, दोनवर सुटलं तर लगेच दुसरं धरता येतं. निन-गाकेचं पोट मारुमेकोमीवर भरतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

उलट उदाहरण द्यायचं तर तोयोताचा स्वतःचाच सगळ्यात गाजलेला डाव घ्या, जॅपनीज ओशन सायक्लोन सुप्लेक्स. समोरचीला आपल्या खांद्यांवर बसवायचं, जत्रेत पोराला बसवतात तसं. तिचे दोन्ही हात तिच्याच छातीपुढे फुलीसारखे ओढून मनगटं धरायची. मग पाठीमागे कमान टाकत तिला मागे टाकायचं आणि त्याच कमानीत पिन धरून ठेवायचा. हात बांधलेले असल्यामुळे पडणारीला पडणं सावरता येत नाही. सगळा विश्वास टाकणारीच्या मांड्यांवर आणि कमरेवर. खांद्यावर घेऊन, हात गुंफून, तोल साधेपर्यंतच आठ-दहा सेकंद जातात, आणि पन्नास-साठ किलोचं वजन मानेच्या मुळाशी बसतं. असला डाव पस्तिसाव्या लढतीत घालणं म्हणजे दोन माना जुगारावर लावणं. तो राखून ठेवायचा. फुजिमोतोला हा डाव वापरायची परवानगी तोयोताने स्वतः दिलेली होती, आणि कुणाला डाव देणं ही जपानी कुस्तीत नाव देण्याइतकी मोठी गोष्ट मानली जाते. शेवटी तीच समोर का उभी राहिली, हे त्यावरून समजायला हरकत नाही.

शरीराचं गणित आणखी कडक आहे. पाठीवर आपटण्याच्या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात: हनुवटी छातीला, हात पसरून तळव्यांनी जमीन मारायची, मार पाठभर पसरवायचा. रिंगची जमीन गादी नसते. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ पॅड, वर ताणलेलं कॅनव्हास. प्रत्येक लढतीत दोनच उकेमी धरल्या तरी पन्नास लढतींत शंभर. आणि दमलेल्या माणसाची हनुवटी सगळ्यात आधी सैल पडते. उकेमीचं तंत्र मोडतं ते तिथेच: मान मागे झटकते, डोकं फळीला लागतं. ड्रॉपकिकचाही यात हिशोब धरावा लागतो. मारणारीसुद्धा पडतेच, हे प्रेक्षक विसरतात.

त्यामुळे मधल्या गड्यासाठी लढतींची वर्गवारी करावी लागते. काहींत तिने फक्त मारायचं, काहींत फक्त गुंडाळायचं, काहींत उभ्याउभ्या एल्बो, आणि मोजक्याच लढतींत पडायचं. शंभरऐवजी तीस-चाळीस उकेमींत संध्याकाळ भागवता आली तर आखणी चांगली. कामाला मिनिट आणि विश्रांतीला वीस सेकंद, असा हिशोब असेल तर श्वास कधीच पूर्ण परत येत नाही. दहा-बारा लढतींनंतर पाय जड होतात, विसाव्याच्या पुढे पकड जाते. पकड गेली की उचलणं थांबवायचं. शेवटच्या तिसऱ्या हिश्शात मधल्या गड्याने कुणालाही डोक्याच्या वर उचलू नये, हा नियम कागदावर लिहून सगळ्या पाहुण्यांना आधी सांगावा. उचलणं अगदीच हवं असेल तर वर जाणारीने स्वतः उडी मारायची. खाणं तीन-चार तास आधी आटपायचं, पाणी घोटाघोटाने, दर दहा लढतींनी.

क्रम लावणं ही खरी कारागिरी, आणि इथे मतभेद आहेत. काहीजण ज्येष्ठतेने लावतात: नवख्या आधी, जुन्या मैत्रिणी शेवटी. दिसायला शिस्तशीर, पण मला हा क्रम चुकीचा वाटतो. जुन्या मैत्रिणी म्हणजे जुने हिशोब, आणि जुने हिशोब म्हणजे मोठे डाव. ते नेमके अंगातलं त्राण संपल्यावर येतात. वजनदार आणि फेकाफेकी करणाऱ्या गड्यांना पहिल्या पंधरात घ्यावं, मान ताजी असताना. मधल्या पट्ट्यात, दर सात-आठ लढतींनी, एक विनोदी गडी: जी रिंगभर पळते, रेफ्रीच्या मागे लपते, हात मिळवायला पुढे करून मागे घेते. प्रेक्षक हसतात, आणि मधली मिनिटभर उभी राहून श्वास घेते. विनोदाचा हा उपयोग बाहेरून कळत नाही, म्हणून ‘अशा लढतीत थट्टा कशाला’ असं लोक म्हणतात. नवख्या मुली विखरून टाकाव्यात. त्यांना उत्साहात भान राहत नाही, दमलेल्या गड्याला त्या जीव तोडून मारतात, आणि सलग पाच आल्या तर मार साठत जातो. शेवटचे पाच गडी मात्र असे हवेत ज्यांचं शरीर मधल्या गड्याला पाठ आहे, खूण न करता पुढचं कळतं. त्या वेळेला बोलून ठरवायला श्वास उरलेला नसतो.

बिघडतं काय काय, तेही पाहू. घंटा ऐकू न येणं हा सगळ्यात सामान्य घोटाळा. आरडाओरड्यात साठावा सेकंद निघून जातो, दोघी लढत राहतात, रेफ्री मोजत राहतो, आणि तीन मोजल्यावर कळतं की वेळ संपली होती. निकाल कुठला धरायचा? म्हणून शेवटच्या दहा सेकंदांत रेफ्रीने टाइमकीपरकडे तोंड करून उभं राहायचं, आणि टाइमकीपरने घंटेबरोबर हात उंच करायचा. घंटाही एकदा नाही, सलग चार-पाच ठोके. एकच रेफ्री तासभर पुरत नाही. गुडघ्यावर बसून हात आपटणं हेही श्रमाचं काम आहे आणि त्याची मोजणी मंदावते. दोघांनी दहा-दहा लढती वाटून घ्याव्यात.

दुसरा घोटाळा कागदी फितींचा. निवृत्तीच्या लढतीत नाव पुकारताच प्रेक्षक रंगीत फिती फेकतात, ‘कामी-तेपू’. दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं असतं. पण फितीचा ढीग दोऱ्यांत अडकतो, पायात गुंततो, आणि तो गोळा करायला मुलींना मिनिट तरी लागतं. पन्नास वेळा ते शक्य नाही. सुरुवातीला एकदा आणि शेवटच्या लढतीआधी एकदा, एवढंच, आणि ते आधी माइकवरून सांगायचं. फेकणाऱ्याने गुंडाळीच्या मधली कडक नळी काढून फेकावी, हा जुना शिष्टाचार. नळीसकट फेकलेली गुंडाळी डोळ्यावर बसली तर कार्यक्रम तिथेच संपेल.

घामाचंही तसंच. चाळिसाव्या लढतीपर्यंत कॅनव्हासवर चाळीसेक जणांचा घाम असतो, वरच्या दोरीवर आणि कोपऱ्यातल्या पॅडवरही. तोयोतासारखी, जिचं नाव वरच्या दोरीवरून मारलेल्या मूनसॉल्टशी, म्हणजे उलट्या कोलांटीने अंगावर पडण्याशी, जोडलेलं आहे, अशा गड्याकडून लोकांना शेवटी ते हवंच असतं. पाय घसरतो तो नेमका तेव्हा. ज्या कोपऱ्यावरून चढायचं तो आधीच ठरवून मुलींनी बदलाच्या वीस सेकंदांत कोरड्या टॉवेलने पुसून ठेवायचा. रिंगबाहेर उडी मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत कुणीच मारू नये, कारण खाली चाळीसजणी दाटीवाटीने उभ्या असतात.

रडणं हाही अडथळाच. हसू नका. पाहुणी आत आली, हात जोडले, दोघींचा बांध फुटला, आणि घंटा वाजून वीस सेकंद झाले तरी कुणी कुणाला मारत नाही. एकदा झालं तर हॉल गहिवरतो. चार वेळा झालं की प्रेक्षक घड्याळाकडे बघू लागतात. यावर उपाय म्हणजे रडक्या मैत्रिणीला पहिला ठोसा तिनेच मारायचा, असं आधी बजावून ठेवणं.

याच घराण्यातला पण वेगळ्या स्वभावाचा प्रकार पाहायचा असेल, तर ‘थंडर क्वीन बॅटल’ शोधा. ३१ जुलै १९९३, योकोहामा, जेडब्ल्यूपी या दुसऱ्या महिला कुस्ती संस्थेचा कार्यक्रम. एका बाजूला ऑल जपानच्या आजा काँग, क्योको इनोउए, ताकाको इनोउए आणि साकिए हासेगावा. दुसऱ्या बाजूला जेडब्ल्यूपीच्या डायनामाइट कान्साई, मायुमी ओझाकी, क्यूटी सुझुकी आणि हिकारी फुकुओका. आधी पाच-पाच मिनिटांच्या चार एकेरी लढती, म्हणजे २० मिनिटं, आणि मग आठहीजणींची ४० मिनिटांची संघ-लढत. एकूण ६० मिनिटं, आणि या तासात ज्यांचे पिन जास्त तो संघ विजयी. इथेही घड्याळ राजा आहे, पण पिन झाला की लढत संपत नाही, गुण चढतो आणि घड्याळ चालू राहतं. त्यामुळे निन-गाकेत बरोबरी ही भेट असते, तर इथे पिछाडीवरच्या संघाला प्रत्येक मिनिट टोचतं. एकेरी लढतींची पाच मिनिटंही हुशारीने ठेवलेली आहेत: वैर मांडायला पुरतात, मिटवायला पुरत नाहीत, आणि उरलेलं वैर पुढच्या चाळीस मिनिटांत सांडतं. दोन्ही लागोपाठ पाहिल्यात तर घड्याळ कुठे कसं वापरलंय ते आपोआप दिसेल.

तुमची चित्रफीत परत लावाल तेव्हा मधल्या गड्याकडे बघू नका. ती पहिल्यांदा पाहून झाली आहे. येणारीकडे बघा. चांगली पाहुणी आत येता-येताच पाहते की मधली कुठल्या पायावर भार देतेय, श्वास तोंडाने घेतेय का, आणि त्याप्रमाणे ठरवलेलं ऐनवेळी बदलते: उचलायचं ठरलं असेल तर एल्बोवर भागवते, पाडायचं ठरलं असेल तर स्वतः पडते. दमलेल्या गड्याला साठ सेकंद पुढे नेणं आणि तरी आपण हरतोय की जिंकतोय असा संभ्रम ठेवणं, हे प्रत्येकीला जमत नाही.

सगळं झाल्यावर निवृत्तीचा विधी असतो: दिवे मंद, रिंगच्या मधोमध एकटी उभी, आणि घंटेचे दहा संथ ठोके. ही घंटा तीच, जिने तासभर सगळ्यांना हाकललेलं असतं, आणि बऱ्याचदा हातोडी धरणाराही तोच. त्याच्या मनगटाला तोपर्यंत घाईची सवय लागलेली असते. दहा ठोके भराभर उरकले जाण्याचा धोका म्हणूनच असतो. हातोडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, किंवा त्यानेच आधीच्या ठोक्याची गुंज पूर्ण विरेपर्यंत थांबावं, आणि मगच पुढचा मारावा.